विसावं पान

शिंपीणबाईंच्या वडिलांना लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नव्हता. वडीलही शिंपीच. लहानपणी बाई त्यांच्या मशीनशेजारी बसून हवं ते रीळ गुपचूप हातात द्यायच्या. गिऱ्हाईक म्हणायचं, "मास्तर, रंगाची पारख असावी तर तुमच्यासारखी." तेव्हा बापलेक एकमेकांकडे बघायची नाहीत.

आता तोच लपंडाव बाई पोटच्या मुलासाठी खेळत होत्या. नवरा आगगाडीचा ड्रायव्हर, सासरेही ड्रायव्हर, आणि बावीस वर्षांचा मुलगा त्याच नोकरीसाठी डोळ्यांच्या तपासणीला निघालेला. रंगीत ठिपक्यांत दडलेले आकडे ओळखायचं पुस्तक बाईंनी चष्मेवाल्याकडून मागून आणलं आणि महिनाभर पान न् पान घोकून घेतलं. मुलगा पोपटासारखा बोलू लागला. फक्त विसाव्या पानावर गाडी अडायची.

"इथे काही नाही. 'काही नाही' म्हणायचं," बाई सांगायच्या.

"आई, पंचेचाळीस आहे इथे. हाच तर एक आकडा मला स्वच्छ दिसतो."

तपासणीच्या आदल्या दिवशी पुस्तक परत करताना बाईंनी आडून आडून विचारलं.

"ते पान उलटं असतं," चष्मेवाला म्हणाला. "धड नजरेला तिथे काही दिसत नाही, रंगांची गफलत होणाऱ्याला आकडा दिसतो. आणि हा दोष बापाकडून मुलाला जात नाही बरं का. तो एक्स गुणसूत्रावर असतो, आणि मुलाला एक्स मिळतो तो आईचाच. आईकडे दोन एक्स. एक बिघडलेला असला तरी दुसरा सांभाळून घेतो, म्हणून तिला सगळं नीट दिसतं. मुलाकडे दुसरा नसतोच. का हो, काय झालं?"

"काही नाही. सहज विचारलं."

दुसऱ्या दिवशी बाई दवाखान्याच्या अरुंद बोळात नवऱ्याशेजारी बाकावर बसल्या होत्या. समोर भिंत, गुडघे तिला टेकलेले.

"माझीच नजर घेतलीय त्यानं," नवरा म्हणाला. "आमच्या रक्तात खोट नाही."

बाईंनी तोंड उघडलं तर मुलाची नोकरी जाणार, आणि मुलगा जन्मभर माफ करणार नाही. गप्प बसलं तर एक दिवस पुढे लाल दिवा असेल, मागे डबे भरून माणसं, आणि हातात रीळ द्यायला आई नसेल.

दार उघडलं. मुलगा हसत बाहेर आला. "झालं. आता फक्त सही राहिलीय."

बाई उठल्या आणि त्याला ओलांडून आत शिरल्या. मागोमाग दोघंही आले.

"डॉक्टर, विसावं पान पुन्हा काढा," बाई म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. "मी शिकवलं ते नको. तुला दिसतं ते सांग."

"आई, नको ना."

"सांग."

त्यानं पानावर बोट ठेवलं.

"पंचेचाळीस."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. नवरा एकदा पुस्तकाकडे, एकदा मुलाकडे बघत होता.

"अगं, पण हे त्याच्यात आलं कुठून?"

"माझ्याकडून," बाई म्हणाल्या.

मुलानं पुस्तकातून मान वर काढली नाही.