वास न येणारे शर्ट

माझ्या सासऱ्यांचे व्यायामाचे शर्ट धुतल्यावर अगदी शहाण्यासारखे वागायचे. दोरीवर वाळत असताना नाक खुपसलं तरी काही नाही, घडी घालून कपाटात ठेवले तरी काही नाही. सासऱ्यांनी ते अंगात घातले, जिना उतरले, अंग जरा तापलं, की मात्र वास उठायचा. आंबट, जुनाट, डोक्यात जाणारा. जणू आदल्या दिवशी मी ते धुतलेच नव्हते.

आता माझे सासरे म्हणजे टापटिपीचा कळस. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. त्यांच्या नखात मळ किंवा रुमालावर सुरकुती मी कधी पाहिली नाही. पण हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं, अर्धं काम गोळ्या करतील, उरलेलं अर्धं तुमच्या पायांनी करायचं. रोज चालायचं, चांगला घाम फुटेपर्यंत. टाळाटाळ केलीत तर पुन्हा माझ्याकडेच आणतील, आणि त्या वेळी माझ्या हातात फारसं काही नसेल. बाई हे हसतमुखाने बोलल्या, पण त्याच संध्याकाळी आम्ही चालायला जागा शोधायला लागलो.

रस्त्यावर चालायचं तर फुटपाथवर गाड्या लावलेल्या. म्हणून नवऱ्याने त्यांचं नाव औषधांच्या दुकानावरच्या जिममध्ये घातलं आणि तकतकीत, अंगाला घट्ट बसणारे शर्ट आणले. सासरे आरशापुढे उभे राहून म्हणाले, "यात मी सायकलच्या ट्यूबसारखा दिसतो." पण जायला लागले. चालायच्या मशीनवर त्यांचा वेग वाढला, भूक वाढली, चेहऱ्यावर रंग आला. जिमहून आले की दारातूनच सांगायचे, "आज मशीनला चढ लावला होता." मला बरं वाटायचं. त्या माणसावर माझा जीव आहे, हे सांगून टाकते.

मग हा वास. नवरा एकदा जेवताना म्हणाला, "बाबा, ती बॅग जरा गॅलरीत ठेवता का?" त्याच्या मनात काही नव्हतं, तोंडाला फाटक नाही एवढंच. सासऱ्यांनी हसून बॅग उचलली. दुसऱ्या दिवसापासून स्वतःची खुर्चीही खिडकीशी सरकवली. उजेड चांगला येतो म्हणाले.

मी हार मानणाऱ्यांतली नाही. याला मी चिकाटी म्हणते, घरातले दुसरा शब्द वापरतात. मी साबणाची पावडर वाढवली. भागलं नाही म्हणून दुप्पट केली. शेवटच्या पाण्यात कपडे मऊ करणारं सुगंधी औषध ओतलं, तर बागेत उंदीर मरून पडावा तसा वास यायला लागला. उकळत्या पाण्यात घातले, तर एका शर्टाचा गळा सैल होऊन खांद्यावरून ओघळायला लागला. सासऱ्यांनी तो तसाच घातला. मला म्हणाले, "हवा चांगली लागते."

शेवटी नाक मुठीत धरून मी थोरल्या जाऊबाईंना फोन लावला. त्यांची मुलं फुटबॉल खेळतात, त्यामुळे घामाच्या बाबतीत त्यांचा अधिकार मोठा. बाकीच्या बाबतीतही त्यांचा अधिकार मोठाच असतो, पण ते असो.

"साबण किती घालतेस?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"बाई गं. तिथेच चुकतंय. त्या कापडातून जादाचा साबण निघतच नाही. वर तुझं ते सुगंधी औषध, त्याचा थर बसतो. अंगाचं तेल आत, थर वर. मग वास जाणार कुठून?"

मग उपाय. शर्ट उलटे करायचे. बादलीभर पाण्यात कपभर पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास बुडवायचे. मग अगदी थोड्या पावडरीत धुवायचे, सुगंधी औषधाचं नाव काढायचं नाही. आणि घरी आल्याबरोबर बॅगेतून बाहेर काढायचे, कोंडून ठेवायचे नाहीत.

"सोडा पण घालू का?"

"एकाच बादलीत नको. एकमेकांचं काम मारतात."

आम्हा दोघी जावांसारखे, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. गरज माझी होती, गिळलं.

उपाय लागू पडला. नुसता लागू नाही पडला, जादू झाली. जिमहून आल्यावर सासऱ्यांनी बॅगेतून ओला शर्ट काढून बादलीत टाकला, मी तिथेच उचलून हुंगला, आणि वास नव्हता. मी सासऱ्यांसमोरच जाऊबाईंना फोन करून सांगितलं. पहिला फोन मान खाली घालून केला होता, या वेळी मान ताठ होती. सासरे सोफ्यावर बसून माझ्याकडे बघत होते. "झालं एकदाचं," ते म्हणाले. त्यानंतर रोज ओला शर्ट यायचा, रोज मी हुंगायची, रोज माझी कॉलर ताठ.

त्याच सुमारास सासरे दमायला लागले होते. बुटाची नाडी बांधताना मध्येच थांबायचे. संध्याकाळी मोज्याचा वळ पायावर खोल उमटलेला दिसायचा. मी म्हटलं, "बाबा, जिममध्ये जास्त होतंय का?" ते म्हणाले, "वय झालं गं." मी त्यांच्या पानात जरा जास्त वाढायला लागले. व्यायाम करतोय माणूस, ताकद नको का?

मग आमच्या इमारतीची पाण्याची टाकी साफ करायला काढली. त्या दिवशी धुणं झालंच नाही. सकाळी आलेला ओला शर्ट कोरड्या बादलीत तसाच गोळा होऊन पडला, वर मी चुकून टॉवेल टाकला, आणि विसरून गेले. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं तेव्हा आठवलं. श्वास रोखूनच टॉवेल उचलला. अख्खा दिवस कोंडून पडलेला घामाचा शर्ट म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको.

शर्टाला कुबट वास होता. बंद माठाला येतो तसा. माणसाचा वास त्यात नव्हता.

मी तो पसरून धरला. माणूस घामेजतो तेव्हा शर्ट पाठीवर भिजतो, काखेत भिजतो, गळ्याशी भिजतो. हा बाहीच्या टोकापासून खालच्या शिवणीपर्यंत सारखा ओला होता. घामाचा डाग नाही, मिठाची पांढरी रेघ नाही. हा शर्ट तर अजून धुतलाच नव्हता, मग माझ्या उपायाने त्यातला घाम जाईलच कसा? या शर्टात घाम आलाच नव्हता. कुणीतरी तो नळाखाली धरून पिळला होता.

 मला राग आला, इतका, की सासरे जिमहून यायच्या वेळेला मी दारातच उभी राहिले. ते आले. बॅग माझ्या हातात देताना त्यांनी नेहमीसारखं म्हटलं, "आज चढ लावला होता."

"कुठे?" मी विचारलं. "कुठल्या नळावर?"

 ते बूट काढायला बसले, पण नाडीला हात लावला नाही.

"वाचनालयात बसतो," ते म्हणाले. "पेपर वाचतो. तिथे मागे बेसिन आहे."

"कधीपासून?"

"तू ते व्हिनेगर आणलंस ना, त्याच्या आधीपासून."

मी त्यांच्यासमोर खाली बसले. त्यांनी सांगितलं ते असं. शेजारच्या मशीनवर चालणारी मुलगी एक दिवस उतरून लांबच्या मशीनवर गेली. दुसऱ्या दिवशी आणखी कुणीतरी गेलं. मग शिकवणाऱ्या मुलाने त्यांना मागच्या दाराशी मशीन दिलं, पंखा लावला. मग एकदा खांद्यावर हात ठेवून म्हणाला, काका, थोडे दिवस घरीच चाला ना. "चांगला आहे पोरगा," सासरे म्हणाले. "सगळ्यांसमोर नाही बोलला."

"आणि तुम्ही मला नाही बोललात. पण शर्टाचा वास गेला होता ना बाबा? मग परत का नाही गेलात?"

"तो मी न घामेजल्यामुळे गेला होता, पोरी." ते बुटाकडे बघत बोलत होते. "पहिल्या दिवशी तू शर्ट हुंगलास आणि तुझा चेहरा असा फुलला. थोरलीला फोन केलास. इतके दिवस माझ्या कपड्यांपायी तू हात झिजवत होतीस. मग कसं सांगणार? आणि परत जाऊन पुन्हा वास आला असता तर? म्हटलं, असू दे. स्वच्छ आहेत, स्वच्छच राहू देत."

मला त्यांच्या अंगावर ओरडायचं होतं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या ते आठवतंय का, असं विचारायचं होतं. पण नाडीशी थांबणारे हात, मोज्याचे वळ, दमलेला आवाज, हे सगळं मला रोज दिसत होतं आणि मी शर्ट हुंगत बसले होते. माणूस डोळ्यांदेखत खचत होता आणि मी धुण्यात जिंकल्याचा आनंद करत होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"बूट काढू नका," मी म्हटलं.

दोरीवरचा कोरडा शर्ट मी त्यांच्या हातात दिला. ते बदलून आले. आम्ही खाली उतरलो. गाड्यांच्या मधून, दुकानांच्या पायऱ्यांवरून, शाळेच्या भिंतीच्या कडेने, जिथे जागा मिळेल तिथून हळूहळू चालत राहिलो. शाळेपुढे रस्ता जरा चढतो. तिथे त्यांना धाप लागली. मी थांबवलं, श्वास बसू दिला, पुन्हा निघालो. त्यांच्या मनगटाला धरलं तर ते थंड लागलं. इतक्या दिवसांचं नुकसान भरून येतं का, हे मला माहीत नव्हतं. उद्या सकाळीच डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं, आणि सगळं खरं सांगायचं, एवढंच ठरवलं होतं.

चढ संपता संपता त्यांच्या मानेवर थेंब दिसले. पाठीवर ओला डाग उमटला, मधोमध, खाली पसरत गेलेला. त्यांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी मनगट हलकेच सोडवून घेतलं आणि माझ्यापासून हातभर लांब सरकले. रस्त्याच्या अगदी कडेला, गटाराच्या झाकणांवरून चालायला लागले.

"वास येतोय का गं?" त्यांनी समोर बघत विचारलं.

मी त्यांच्याजवळ गेले आणि पुन्हा हात धरला. जाऊबाईंचा उपाय खरा की खोटा, याच्याशी मला आता काही देणंघेणं नव्हतं.

"येतोय," मी म्हटलं, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा माझ्या जिवात जीव आला.