निसटलेली कडी

शेवंतीने गिअरची दांडी पुढे रेटली आणि ती हातात नुसतीच लुळी हलली. पुन्हा रेटली. इंजिन गुरगुरत होतं, पण गाडी जागची हलेना. मागच्या कंटेनरने जोरात भोंगा वाजवला. उतार होता म्हणून निभावलं. ब्रेक सोडल्यावर गाडी घरंगळत कडेला लागली.

माणकोली नाक्याच्या पुढे, गोदामांच्या ओळीसमोर, भर दुपारी. आणि तिकडे घोडबंदर रोडला, सासरी, रुचिता. सकाळी लेकीचा फोन आला होता. "आई, मला घेऊन जा," एवढंच म्हणाली आणि फोन कट झाला. नंतर तो बंदच. जावयाला लावला, त्याने उचलला नाही. शेवंती होती त्या साडीवर डोंबिवलीहून निघाली. नवऱ्याला, उत्तमला, शेजाऱ्यांकडे ठेवून येणार होती, पण त्याने व्हीलचेअर दारात आडवी घातली ती हलवेचना.

उत्तमने आयुष्यभर कंपनीची बस चालवली होती. दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एकच शब्द उरला, 'नाही'. भूक लागली तरी नाही, पोट भरलं तरी नाही. कुठला नाही कशाचा, ते शेवंतीला सुरावरून कळायचं. त्याला व्यायामाच्या दवाखान्यात न्यायला म्हणून ती या वयात गाडी शिकली. चालवायची तेवढी, बॉनेट कधी उघडलं नव्हतं.

तिने रस्त्यात जाऊन हात केला. बऱ्याच वेळाने एक रिक्षा थांबली. रिक्षावाल्याने गाडीतल्या उत्तमकडे पाहिलं.

"पेशंट आहेत काय? नको मावशी, पुढे फुल जाम आहे." तो निघून गेला.

शेवंती खिडकीशी आली. "अहो, तुम्हाला इथे टाकून मी कशी जाऊ? आणि नाही गेले, आणि तिकडे पोरीला काही..." पुढचं तिच्याने बोलवेना. तिने टपावर हात आपटला.

"नाही," उत्तम म्हणाला. हा 'नाही' थांब म्हणणारा होता. त्याने डाव्या हाताचं बोट आणि अंगठा जुळवून कडी केली, गिअरच्या मुठीवर बसवली आणि उचलून काढली. मग बॉनेटकडे बोट केलं.

"आत काही निसटलंय?"

"नाही! नाही!" त्याची मान जोरजोरात होकार देत होती.

तिने इंजिन बंद करून बॉनेट उघडलं. खिडकीतून बाहेर काढलेलं त्याचं बोट दाखवील तिथे, बॅटरीच्या मागे, खाली हात घातला. दोन जाड केबल होत्या. एक ताठ, दुसरी मोकळी, टोकाला कडी. खाली गोल डोक्याची खुंटी. कडीतलं प्लॅस्टिक झिजून फुटलं होतं. तिने कडी खुंटीकडे ओढली, पोहोचेना. मनगट तापलेल्या नळीला लागलं आणि चर्रकन चटका बसला.

"दांडी हलवा! पुढे... नाही, मागे, मागे घ्या!"

उत्तमने कंबर पिळून डावा हात आडवा नेला आणि दांडी ओढली. केबल सरकली, कडी बसली. पण दांडी हलली की सुटायची. पुन्हा बसवली, पुन्हा सुटली. शेवंतीने कपाळ तापल्या पत्र्यावर टेकलं. "थांब गं बाई," ती पुटपुटली, "येतेय मी."

आतून धपधप आवाज आला. उत्तम डावा बूट गाडीच्या तळावर आपटत होता. तिने पाहिलं आणि तिला समजलं. त्याच्या बुटाची लेस ओढून काढली, कडी खुंटीवर दाबून तिला वेढे दिले, गाठीवर गाठ मारली. उत्तमने दांडी पुढे-मागे केली. कडी टिकली.

तेवढ्यात सीटवरचा फोन वाजला. हात काळे झाले होते, म्हणून तिने कोपराने स्पीकर लावला.

"आई, मी बरी आहे," रुचिता म्हणाली. "सकाळी जरा वाद झाला होता. तुम्ही येऊ नका."

"अगं, जीव अर्धा झाला माझा! फोन का बंद होता?"

"चार्जिंग नव्हतं. सगळं ठीक आहे. येऊ नका. ठेवते."

शेवंती सीटवर मटकन बसली. रडता रडता हसली. "ऐकलंत? बरी आहे म्हणते. चला, घरी जाऊ."

उत्तम फोनकडे बघत होता. "नाही," तो म्हणाला. इतक्या हळू आवाजातला 'नाही' तिने आजवर ऐकला नव्हता. त्याने हात आडवा नेऊन दांडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि मुठीवर तसाच ठेवला.

"अहो, उगाच जाऊन तिच्या संसारात..."

हात निघाला नाही. शेवंतीने क्लच दाबून गाडी सुरू केली. माजिवड्याच्या गर्दीत ती जपून गिअर टाकत होती, दर वेळी श्वास रोखून.

रुचिताच्या सासरच्या टॉवरच्या गेटशी, वॉचमनच्या खुर्चीत ती बसली होती. पायांत चपला नव्हत्या. भर उन्हाळ्यात ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेली होती. गाडी दिसताच ती उठली.

"येऊ नका म्हटलं होतं ना," ती म्हणाली. तोवर तिने मागचं दार उघडलंसुद्धा होतं.

"मला तसंच ऐकू आलं," शेवंती म्हणाली. "तुझ्या बाबांना नाही."

रुचिताने दार ओढून घेतलं.

"गाडी काढ, आई."