कापसात कोंबलेला आरगॉन

मी आरगॉन बोलतोय. म्हणजे आरगॉनच्या अणूचे सोंग घेतलेला एक जांभळा लाकडी गोळा. माझ्या जन्मकथेचे तीन पाठभेद या प्रयोगशाळेत प्रचलित आहेत. विद्यार्थी सांगतात, कातारी जेवायच्या घाईत होता, म्हणून मला भोक पाडायचे राहून गेले. शिपाई असलेल्या मावशींच्या मते लाकूडच गाठीचे निघाले आणि गिरमिट मोडले. तिसरा पाठ रसायनाच्या जुन्या शिक्षकांचा; तो त्यांच्या निवृत्तीबरोबरच मागे पडला: मला भोक नाही, कारण मला ते नकोच होते. कथेची लोकप्रियता आणि तिचा खरेपणा यांचे फारसे सख्य नसते. खरा पाठ तिसराच.

कातार्‍याने प्रत्येक मूलद्रव्याचे दोन दोन गोळे घडवले. पांढऱ्या हायड्रोजनला एक भोक, लाल ऑक्सिजनला दोन, निळ्या नायट्रोजनला तीन, हिरव्या क्लोरीनला एक. भोकांत काड्या बसवल्या की दोघे एकमेकांना घट्ट धरतात आणि खणात निमूट पडून राहतात. ही द्विअणू मंडळी. दोन निऑन आणि दोन आरगॉन असे आम्ही चौघे मात्र बिनभोकांचे, एकअणू. जुने शिक्षक आम्हा दोघा आरगॉनांना टेबलावर एकमेकांकडे घरंगळवत. टक् असा आवाज होई आणि आम्ही आपापल्या वाटेने निघून जात असू. "ओळख झाली, सोयरीक नाही," असे ते म्हणत. सुखाचे क्षण म्हणावेत तर माझे तेवढेच. कारण स्वस्थ बसणे माझ्या प्रकृतीत नाही. वायूचे सोंग घेतले, ते अंगात भिनले. पेटी जरा कलली की मी निघालोच.

हीच गोष्ट मावशींना खुपली. पेटी या वर्गातून त्या वर्गात नेताना आमचा खडखडाट होई. "कानाला नुसता ताप," म्हणत एके दिवशी त्यांनी आम्हा दोघांना एका खणात शेजारी शेजारी दाबले आणि भोवती कापूस कोंबला. निऑनांचीही तीच गत केली. नंतरच्या एकाही शिक्षकाने तो कापूस काढला नाही. नीटनेटकेपणावर संशय घ्यायची माणसांना सवय नसते.

त्या कापसात माझा जीव घुसमटत असताना मावशींची सून अभ्यासाला येऊ लागली. रुग्णालयाच्या वायुभांडारात तिला नोकरी मिळणार होती, पण रसायनाची तोंडी परीक्षा पार पडली तरच. याआधी ती नापास झाली होती आणि आताची संधी शेवटची होती. पुस्तकातली यादी तिच्या डोक्यात टिकत नसे. डोळ्यांनी पाहिलेले मात्र ती विसरत नसे. म्हणून वर्ग सुटले की मावशी तिच्यासमोर ही पेटी उघडून ठेवत.

"आई, आरगॉन एकटा असतो की जोडीने?"

"मला काय विचारतेस? समोर बघ ना. सगळे दोन दोनच आहेत."

"पण याला भोक नाही."

"गिरमिट मोडलं गं त्याचं. तुझं लक्ष भलतीकडेच असतं. आमच्या घरी पहिल्यांदा आलीस तेव्हाही माणसं सोडून पंख्याची पाती मोजत होतीस."

सून हसली आणि पुटपुटू लागली, "आरगॉन, जोडी. निऑन, जोडी." मी सगळे ऐकत होतो. हलता आले असते तर वाजलो तरी असतो.

परीक्षेला बाहेरच्या बाई आल्या होत्या. मावशींनी पेटी टेबलावर ठेवली आणि त्या दाराशी थांबल्या.

"द्विअणू डावीकडे ठेवा, एकअणू उजवीकडे," परीक्षक बाई म्हणाल्या.

सुनेने चारही जोड्या डावीकडे मांडल्या. पाठोपाठ निऑन डावीकडे गेले. मग कापसासकट आम्ही.

"झालं?"

सून उजवीकडे बघत राहिली. तिथे नुसते टेबल होते.

"थांबा हं जरा," ती म्हणाली. तिने कापूस बाजूला केला आणि मला उचलून सगळीकडून फिरवून पाहिले. मग माझ्या भावाला पाहिले, मग दोन्ही निऑनांना. "एकाचं गिरमिट मोडलं असेल," ती स्वतःशीच बोलली, "चौघांचं कसं मोडेल? यांना धरायला जागाच नाही." तिने आम्हा दोघांना एकमेकांकडे ढकलले. टक्. मी माझ्या वाटेने निघालो, भाऊ त्याच्या. तिने आम्हाला अडवले आणि आम्हा चौघांना उजवीकडे, एकमेकांपासून लांब लांब ठेवले.

"मग पेटीत हे जोडीने का होते?" परीक्षक बाईंनी विचारले.

सुनेने दाराकडे पाहिले. "वाजतात म्हणून."

बाईंना हसू आवरले नाही. "पास झालात. या आता."

पेटी बंद करणाऱ्या हातांना माझे इतकेच सांगणे आहे: आम्ही वाजतो तेव्हा खरेच बोलत असतो, थोडे सोसा.

मावशी आत आल्या. त्यांनी गोळे पेटीत भरले, कापूस उचलला, सुनेकडे पाहिले आणि तो खिशात टाकला. मग पेटी उचलून त्या निघाल्या. व्हरांडा संपेपर्यंत मी वाजत गेलो.