पहूरचे बिबडे

“ल्या व्याही, लाजू नका. विहीणबाईना हातना शेतस,” असं म्हणत पुष्पाबाईंनी तळलेला बिबडा माझ्या ताटात ठेवला. “डबामा सहाच राहिनात. तुम्ही येशात म्हणीसन ठेयेल व्हतात.”

बिबडा, ज्वारीचा तो पापड, अगदी गोल होता. वाटीने कापल्यासारखा. मी त्याला हात लावला नाही.

धुळ्याला देवपुरात, लेकीच्या सासरी मी जेवायला बसलो होतो. शेजारी माझे व्याही रुपचंद, समोर जावई तेजस. पुष्पाबाई वाढत होत्या. भूमिका मधल्या खोलीत दोन महिन्यांच्या बाळाजवळ पडून होती. बाळ रडत होतं. ती भिंतीकडे तोंड करून होती, पण झोपली नव्हती. आल्या आल्या मी तिला “कशी आहेस बाई?” विचारलं तेव्हा “बरी आहे नाना” एवढंच म्हणाली. तिची वेणी कितीतरी दिवसांत सुटली नसावी.

खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण माहेरी करणारं कोणी उरलं नव्हतं.

“तिला काय होतंय?” मी विचारलं.

“काही नई. पित्त शे,” पुष्पाबाई म्हणाल्या. “जेवत नई, झोपत नई, पोरगं रडनं तरी उठत नई. लिंबूपाणी देस मी. दृष्ट बी काढी.”

“आजकालच्या पोरींना काय सहन होतं?” रुपचंद म्हणाले. “आमच्या आईनं सहा बाळंतपणं काढली.”

पित्त हा शब्द माझा होता. गेल्या वर्षी मी तो जळगावात मेहरूणच्या आमच्या अख्ख्या गल्लीला सांगत फिरलो होतो.

माझी बायको कोकिळा. मी चटईच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं लूमवर काम केलं आणि तिने घर केलं. उन्हाळा आला की गल्लीतल्या बायका पाळीने एकमेकींच्या घरी जाऊन ज्वारीचे बिबडे घालतात. कोकिळाच्या घरचा दिवस म्हणजे पहाटेपासून हशा. तिचा आवाज मोठा होता. घाटा हटायला, म्हणजे शिजतं पीठ ढवळायला, तीच बसायची.

गेल्या वर्षी चैत्रात ती अंथरुणातून उठलीच नाही. त्याआधी चार महिने ती हळूहळू बसत गेली होती. आधी रात्रीची झोप गेली. मग छातीत धडधड व्हायची, हात थरथरायचे. मग तेही थांबलं आणि ती नुसती पडून राहायला लागली. स्वयंपाक मी करायला लागलो. मला राग यायचा. मी म्हणायचो, “तुले काय कमी आहे? नवरा दारू पीत नाही, पोरीचं लग्न जमलं.” ती म्हणायची, “तेच तर कळत नाही वो.”

सिव्हिलच्या डॉक्टरांनी तिला तपासून एक चिठ्ठी दिली होती. ‘समुपदेशन कक्ष. दर मंगळवारी, सकाळी दहा. सोबत घरचे माणूस आणावे.’ ती मला दोनदा म्हणाली, “एकदा जाऊन बघू ना.” मी म्हणालो, “भूमिकाची सुपारी व्हायची आहे. कोणी पाहिलं तर? लग्न होऊ दे.” चिठ्ठी मी कॅलेंडरच्या मागे खोचून ठेवली.

आमची पाळी आली तेव्हा बायकांना काय सांगायचं हा प्रश्न पडला. मी बसने पहूरला गेलो. जळगावात कोणी ओळखीचं भेटलं असतं. तिथल्या बचत गटाकडून पाच किलो बिबडे घेतले आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता गच्चीवर साडी अंथरून ते वाळत घातले. वाळलेले बिबडे.

शेजारच्या गच्चीवरून बेबाबाईंनी हाक मारली. “नाना, कोकिळाबाईनं एकटीनंच उरकलं का? आम्हाले हाक बी नाही मारली!”

“तुमच्या कंबरेला आराम म्हटलं,” मी म्हणालो.

“आणि ती कुठं आहे?”

“येऊ राहिली.”

मी खाली गेलो आणि कोकिळाला उठवून वर आणलं. तिने वाकून एक बिबडा उचलला. बोटांनी दाबून पाहिला. “हे तर वाळलेले आहेत.”

“हळू बोल,” मी म्हणालो. “थोडा वेळ बस इथे. लोकांना दिसशील.”

ती बसली. डोक्यावर पदर घेऊन चैत्राच्या उन्हात बसली आणि एकेक बिबडा उलटत राहिली. सगळे उलटून झाले की पुन्हा पहिल्यापासून. मी खाली चहा करायला गेलो. दोन तासांनी वर आलो तरी ती उलटतच होती. मी सांगितलं होतं म्हणून.

त्यातले दोन किलो लग्नात भूमिकाच्या सासरी गेले.

लग्नानंतर मी म्हणालो, सासरी कळेल, थोडं थांबू. मग भूमिकाला दिवस गेले, मी म्हणालो, आता तर नकोच. दिवाळीच्या चार दिवस आधी कोकिळाच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि ती गेली. डॉक्टर म्हणाले, आधीच्या दुखण्याचा याच्याशी काही संबंध नाही. म्हणजे मी तिला मारलं नाही. पण तिचं शेवटचं वर्ष मी तिला घरात लपवून ठेवलं, हे खरं आहे.

कॅलेंडर बदलताना चिठ्ठी खाली पडली. पुढच्या मंगळवारी मीच सिव्हिलला गेलो. मलाही तोवर झोप नव्हती. तिथे कहकशा मॅडम म्हणून समुपदेशक आहेत, माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. पहिल्या दिवशी मी अर्धा तास गप्प बसलो. त्यांनी घाई केली नाही. त्या उपदेश करत नाहीत. विचारतात आणि थांबतात. तिसऱ्या खेपेला मी कोकिळाचं नाव घेतलं. त्या म्हणाल्या, “नाना, तो आळस नव्हता, नखराही नव्हता. आजार होता. बोलून हलका होतो, काहींना औषधही लागतं. बाळंतपणानंतरसुद्धा कितीतरी बायकांना होतो.” हळूहळू मला झोप लागायला लागली.

पण गल्लीत मी बीपी तपासायला जातो असंच सांगतो. नंबर येईपर्यंत समोरच्या बीपीच्या बाकावर बसतो. आणि बिबड्यांचं मी मॅडमनाही सांगितलेलं नाही.

“खा ना व्याही,” पुष्पाबाई म्हणाल्या.

“विहीणबाई, हे कोकिळाच्या हातचे नाहीत. मी पहूरहून विकत आणले होते.”

मग पुष्पाबाई हसल्या. “मंग काय व्हयनं? आते बठ्ठा लोक इकतच लेतस. मी आपली सालभर गुण गाई राहिनू!” रुपचंदही हसले. तेजस हसला. मीही हसून जेवण पुरं केलं असतं तर चाललं असतं.

आत बाळ रडतच होतं.

“कोकिळाला पित्त नव्हतं,” मी म्हणालो. “तिला मनाचा आजार होता. तुम्ही सुपारीला आलात तेव्हाही होता. मी लपवला.”

रुपचंदांनी हात ताटात तसाच ठेवला. “सुपारीच्या आधीपासून?”

“हो.”

“म्हणजे आम्हाले फसवलं.”

बसमध्ये पारोळ्यापर्यंत मी बोलायचं मनात जुळवत आलो होतो. त्यातलं काही आठवलं नाही. “हो,” मी म्हणालो.

“मंग आते हाई पोरले बी तेच शे का?” पुष्पाबाईंचा आवाज चढला. “लोक काय म्हणतीन?”

“तेच आहे की नाही ते डॉक्टर सांगतील. पण पित्त पित्त म्हणत मी एक वर्ष घालवलं. तुम्ही घालवू नका. मला काय बोलायचं ते बोला. मी स्वतः दर मंगळवारी सिव्हिलला जातो. बीपीसाठी नाही. समुपदेशनाला.”

मी मान वर केली तेव्हा भूमिका दारात उभी होती. बाळ तिच्या खांद्यावर होतं. तिने माझ्या ताटातल्या बिबड्याकडे पाहिलं.

“मला माहीत होतं नाना,” ती म्हणाली. “आईचा बिबडा एका बाजूला जाड असायचा.”

मग बाळाकडे न बघता म्हणाली, “मला भीती वाटते. बाळाला घ्यायची.”

पुष्पाबाई काही बोलायच्या आत तेजस उठला. उष्ट्या हातानेच दाराशी भूमिकाजवळ जाऊन उभा राहिला. आईवडिलांकडे त्याने पाहिलं नाही. “कुठे असतं ते, नाना? इथे धुळ्यात असेल का?”

निघताना पुष्पाबाईंनी लग्नात बिबडे दिलेला माझा डबा परत दिला. धुतलेला, पुसलेला, रिकामा. आमच्याकडे आलेला डबा कोणी रिकामा परत करत नाही, मूठभर साखर तरी घालतात. मी तो पिशवीत ठेवला आणि त्यांना नमस्कार केला. त्यांनी केला नाही.

आज मंगळवार. दहा वाजता मी बीपीच्या बाकावर बसलो होतो तेव्हा तेजसचा फोन आला.

“नाना, आम्ही धुळ्याच्या दवाखान्यात आहोत. पाचवा नंबर आहे.”

“सोबत घरचं माणूस कोण आहे?”

“मी जाणार आहे ना आत. आई बाहेर बाळाला घेऊन बसली आहे. बोलत नाही काही. पण आली.”

“बरं,” मी म्हणालो.

फोन खिशात ठेवताना चिठ्ठी हाताला लागली. घड्या पडून विरत आली आहे, पण कोकिळाचं नाव वाचता येतं. समोर समुपदेशनाच्या बाकावर दोघं-तिघं होते. त्यांतला एक चटईच्या कारखान्यातला, माझ्या ओळखीचा. त्याने मला पाहून मान खाली घातली.

मी उठलो आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो.