पिटुकलीचे गार पाय

मित्रांनो, मी एक जुनी रबरी पिशवी आहे. गरम पाणी भरून अंग शेकायची. एके काळी मी लालभडक होते, आता माझ्या रंगाला काय म्हणायचं ते माझं मलाच कळत नाही. मला तोंड आहे, पण त्याला कायम बूच लावलेलं. त्यामुळे आजवर माझं म्हणणं कुणाच्या कानावर गेलं नाही. आज बूच उघडंच राहिलंय, तेव्हा थोडं बोलून घेते. फार वेळ बोलवणार नाही. गळ्याशी चीर पडली आहे आणि खरं सांगायचं तर कंटाळाही आला आहे.

माझा जन्म कारखान्यातला. तापलेल्या साच्यात मला दाबून बसवलं आणि बाहेर काढल्यावर एका बाईनं माझ्यात हवा भरून मला पाण्यात बुडवलं. बुडबुडा आला नाही. "पास," ती म्हणाली आणि तिनं पुढचीला उचललं. आयुष्यातलं पहिलं कौतुक हे एवढंच.

औषधांच्या दुकानातून मला ज्यांनी घरी आणलं ते बस चालवायचे. आता त्यांना सगळे आजोबा म्हणतात, तेव्हा नुसते ड्रायव्हरसाहेब होते. दिवसभर सीटवर आदळून आदळून कंबर पार कामातून गेलेली. संध्याकाळी घरी आले की मला पाठीखाली घ्यायचे आणि "हाश्श!" करायचे. येईल त्याला सांगायचे, "ही आहे म्हणून मी उभा आहे."

"मग हिच्याशीच लग्न करायचं होतंत," आजी स्वयंपाकघरातून म्हणायच्या.

त्याच आजींचे तळपाय मी पुढे कितीतरी दिवस शेकले. त्या आजारी होत्या. एका सकाळी मी त्यांच्या पायांशीच होते. माझ्यातलं पाणी निवलेलं, आणि त्यांचे पाय माझ्याहून थंड. आजोबांनी त्यांचा हात हातात घेतला, बराच वेळ धरला आणि मग मुलाला फोन लावला. "अरे," ते म्हणाले, "गार पडलीय रे." एवढंच बोलले. त्यांना दुसरा शब्द सुचला नाही. मुलाला तो कळला.

त्यानंतर घरात विजेवर तापणारी गादी आली आणि मी न्हाणीघराच्या दारामागे खुंटीवर गेले. अंघोळीला येणारा प्रत्येक जण ओला टॉवेल माझ्याच डोक्यावर टाकायचा. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय! मी काही बोलले नाही. बोलणार कशी?

मग मुलाचं लग्न झालं, सूनबाई आल्या आणि यथावकाश या घरात पिटुकली जन्मली. नाव तिचं वेगळं आहे, पण इतक्या इवल्याशा जिवाला ते फारच मोठं पडायचं, म्हणून सगळे पिटुकलीच म्हणत.

पिटुकली दूध पीत होती, झोपत होती, चांगली ठणठणीत रडतही होती. फक्त तिचे हातपाय गार लागायचे. अंघोळीनंतर तळपाय थोडे निळसर दिसायचे. वरच्या मजल्यावरच्या काकू बाळाला बघायला आल्या, त्यांनी पाऊल हातात धरलं आणि तोंडानं च्च च्च केलं. "अगंबाई, हिचं रक्त फिरत नाही वाटतं!" असं म्हणून त्या चहा पिऊन निघूनही गेल्या. त्यांचं बोलून झालं, पण सूनबाईंच्या डोक्यात ते वाक्य घर करून बसलं. रक्त फिरत नाही.

त्याला एक कारण होतं. सूनबाई चष्म्याच्या दुकानात काम करायच्या, आणि तिथल्या थंडगार हवेत त्यांच्या स्वतःच्या बोटांची टोकं पांढरी, मग निळी पडायची. लहानपणापासूनचंच होतं ते. त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. आता मात्र त्या पिटुकलीचं पाऊल गालाशी धरून म्हणायच्या, "माझंच आलंय हिच्यात. द्यायला दुसरं काही नव्हतं का माझ्याकडे?"

झालं. मला खुंटीवरून काढलं. घासलं, धुतलं, आणि माझी दुसरी नोकरी सुरू झाली. सकाळी भरा, दुपारी भरा, दूध पाजायच्या आधी भरा, पाजून झाल्यावर भरा. माझ्या वयाकडे कुणी बघेना. एकावर एक दोन मोजे, वर दुपटं, दुपट्यावर मी. पिटुकलीला घाम फुटायचा आणि सूनबाईंना वाटायचं, चला, आता ऊब आली.

शेवटी त्या तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. मलाही शालीत गुंडाळून बरोबर नेलं. डॉक्टरीणबाईंनी शाल उलगडली, तर आधी मीच बाहेर पडले.

"ही कशाला?" त्यांनी विचारलं.

"हिचं रक्त फिरत नाही हो डॉक्टर."

डॉक्टरीणबाईंनी बाळाचं पोट चाचपलं, छाती ऐकली, ओठ बघितले, जीभ बघितली. तळपाय अंगठ्यानं दाबला, सोडला, आणि पांढरा पडलेला ठिपका लगेच गुलाबी झालेला सूनबाईंना दाखवला. "हे बघा, फिरतंय. मस्त फिरतंय. इतक्या लहान मुलांचं रक्त आधी डोकं, काळीज, पोट यांच्याकडे धावतं. हातापायांचा नंबर शेवटी लागतो. म्हणून ते गार लागतात. ऊब बघायची तर पोटाला हात लावून बघा, पायाला नाही."

"मग घाबरायचं कधी?"

"ओठ किंवा जीभ निळी दिसली, दूध घेईना, मलूल पडली, किंवा एकाच हाताचा, एकाच पायाचा रंग बदलला, तर तडक या. फोन करत बसू नका. आणि ही बया बाळाजवळ अजिबात नको. मोठ्यांना कोमट वाटतं, त्यानं बाळाची कातडी भाजते."

बया म्हणजे मी. इतक्या वर्षांच्या सेवेनंतर हे बक्षीस! पण खोटं का बोलू, त्या खरंच बोलत होत्या. मी आजोबांच्या कंबरेसाठी आहे, बाळाच्या पायांसाठी नाही.

घरी आल्यावर सूनबाईंनी अर्धं ऐकलं. मला बाळाशेजारी ठेवणं बंद झालं. पण मोजे माझ्याखाली तापवून मग घालायचे, हे चालूच राहिलं, आणि मोजे दोनाचे दोनच. मनातली भीती औषधाच्या चिठ्ठीनं जात नाही, मित्रांनो. त्या दिवसांत त्यांचं जेवणात लक्ष नसे. केस विंचरले की कंगव्यात गुंतवळ निघे. उशीवर, दुपट्यावर, कपड्यांच्या धुण्यात, जिकडेतिकडे लांब लांब केस. बाळंतपणानंतर गळतातच म्हणे.

एका दुपारी पिटुकली रडायला लागली. नेहमीचं रडणं नव्हे. दूध दिलं, तोंड फिरवलं. कपडे बदलले, उपयोग नाही. आजोबांनी खांद्यावर घेऊन तोंडानं बसचा हॉर्न वाजवून दाखवला, ज्याला ती एरवी हमखास हसायची. तिनं आणखी मोठा सूर लावला.

"पाय गार पडले असणार," सूनबाई म्हणाल्या आणि धावत जाऊन मला भरलं.

"अगं, नको म्हणाल्यात ना डॉक्टर? आधी ते मोजे काढ. बघू तर दे," आजोबा म्हणाले.

"काढले तर आणखी गार होतील, बाबा!"

घाबरलेल्या माणसाशी वाद घालून काय होतं? सूनबाईंनी मला टॉवेलात गुंडाळून बाळाच्या पायांशी टेकवलं, आणि पिटुकलीनं अशी किंकाळी फोडली की माझ्या अंगातलं पाणी हललं.

मला कळलं होतं. दोन मोज्यांच्या आतून कळलं होतं. माझं सगळं आयुष्य पायांना टेकून गेलंय, मला पाय कळतात. चार बोटं मऊ होती आणि एक टणक होतं, फुगलेलं. त्या एका बोटाशी काहीतरी भयंकर चाललं होतं, आणि माझी ऊब त्यात भरच घालत होती. मी ओरडले असते. देवाशपथ ओरडले असते. इतकी हतबल मी कधीच नव्हते, खुंटीवरही नाही.

सूनबाईंनी फोन उचलला. पिटुकलीचा बाप लिफ्ट दुरुस्त करायचं काम करतो. तो कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या छतावर उभा होता, तिथे धड ऐकूही येत नाही. सूनबाईंना रडू आवरेना. पाय म्हणायचं राहूनच गेलं. त्या एवढंच म्हणाल्या, "अरे, गार पडलीय रे."

तिकडून उत्तर आलं नाही. फोन बंद झाला.

तो कसा आला ते मला माहीत नाही. जिन्यावर धडाधडा पावलं वाजली, दार उघडलं, आणि तो उंबऱ्यातच थांबला. हाताला ग्रीस, तोंडाला ग्रीस, डोळे सुजलेले. आत यायचं त्याला धैर्य होत नव्हतं. आणि आत पिटुकली घर डोक्यावर घेऊन रडत होती.

"ही... ही तर बोंबलतेय," तो म्हणाला.

"मग मी काय सांगितलं?"

"अगं, तू म्हणालीस गार पडली!"

"पाय रे! पाय गार पडले!"

तो मटकन खाली बसला. हसला, मग रडला, मग भयंकर चिडला. "पाय? कुठला पाय? माझ्या काळजाचं पाणी झालं इथे! दाखव मला, कुठला पाय?" आणि बायको नको नको म्हणत असताना त्यानं मला बाजूला भिरकावलं आणि एका झटक्यात दोन्ही मोजे ओढून काढले.

मग तिघंही पायावर वाकले.

पिटुकलीच्या उजव्या पायाचं एक बोट जांभळं झालं होतं. सुजून शेजारच्याच्या दुप्पट. मुळाशी एक खोल रेघ, करकचून आवळल्यासारखी.

तिला उचललं आणि तिघंही तसेच डॉक्टरीणबाईंकडे धावले. मी जमिनीवर पडल्या पडल्या निवत राहिले. पुढचं मला आजोबांनी नंतर काकूंना सांगितलं त्यावरून कळलं. डॉक्टरीणबाईंनी भिंग लावलं, बारीक कात्री घेतली, आणि त्या रेघेतून एक केस बाहेर काढला. लांब, काळा. धुण्यात मोज्याच्या आत शिरलेला, बाळानं पाय झाडले तसा बोटाभोवती गुंडाळत गेलेला. गरम मोज्यानं, घामानं तो आणखी आवळला. "आणखी उशीर झाला असता, तर बोट हातचं गेलं असतं," असं त्या म्हणाल्या.

केसानं गळा कापतात, हे मी ऐकून होते. केसानं बोट कापताना त्या दिवशी पाहिलं.

सूनबाई घरी आल्या. पिटुकली दमून झोपली होती, बोटाला मलम होतं. त्या तिच्याशेजारी बसून आपली वेणी हातात धरून बघत होत्या.

"रक्त फिरत नव्हतं खरंच," शेवटी त्या म्हणाल्या. "आणि माझ्याच केसानं. मीच तापवून तापवून ते मोजे घालत होते."

आजोबा कंबर धरून त्यांच्याजवळ बसले. त्यांना समजूत घालता येत नाही, बोलायला गेले की भलतंच बोलतात. "हे बघ पोरी," ते म्हणाले, "मी इतकी वर्षं बस चालवली. एखाद्या वळणाची भीती बसली ना, की डोळे त्या वळणावरच राहतात, आणि समोरची म्हैस दिसत नाही."

"केसाला म्हैस म्हणताय?" सूनबाई रडता रडता हसल्या.

"म्हैसच की! बोट चाललं होतं माझ्या नातीचं."

बोट वाचलं, मित्रांनो. चार दिवस सुजलेलं राहिलं, मग शेजारच्यांसारखं गुलाबी झालं. आता त्या घरात मोजा उलटा करून झटकल्याशिवाय पायात जात नाही, आणि अंघोळीनंतर बोटन् बोट सुटं करून बघतात. वरच्या काकूंनी परवा पुन्हा पाऊल धरून च्च च्च केलं. सूनबाईंनी शांतपणे त्यांचा हात उचलून पिटुकलीच्या पोटावर ठेवला. "इथे बघा," म्हणाल्या. काकू चहा न पिताच गेल्या.

आणि मी? मी परत आजोबांच्या कंबरेकडे आले होते, पण चिरेतून पाणी ठिबकायला लागलं. उद्यापरवा मला टाकून देतील. देऊ देत. मी थकले आहे.

जाता जाता एकच मागणं आहे, आणि ते मोठ्यांकडे नाही, तुमच्याकडे आहे. तुमच्या घरात एखादं तान्हं भावंड असेल. ते एखाद्या दिवशी रडेल, काही केल्या थांबणार नाही. आई धावेल, बाबा धावतील, जो तो त्याला आणखी पांघरूण घालेल. त्यांच्यावर चिडू नका. माया फार असली की माणूस आधी झाकतो. त्या वेळी तुम्ही आईजवळ जा, तिचा हात धरा, आणि हळूच म्हणा, "आई, मोजा काढून बघूया का?"

हे एवढं वाक्य त्या दुपारी मला बोलता आलं नाही. तुम्हाला येतं.