चिठ्ठ्यांच्या डब्याची कबुली

मित्रांनो, मी चौथीच्या वर्गातला एक जुना पत्र्याचा डबा आहे. कधीकाळी माझ्यात बिस्किटं होती. ती संपली आणि बाईंनी मला घासूनपुसून निबंधाच्या कामाला लावलं. स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग लिहायचा असला की मुलं माझ्यात हात घालून विषयाची चिठ्ठी काढत. निघालेली चिठ्ठी बदलायची नाही, असा नियम होता. "डब्यापुढे सगळे सारखे," असं बाई म्हणत आणि मी फुशारून जाई. त्या फुशारकीची आज मला लाज वाटते.

एकदा इस्त्रीवालीच्या मुलीला 'समुद्रावरची सहल' निघाली. तिनं समुद्र पाहिलाच नव्हता.

"बाई, दुसरी काढू?" तिनं हळूच विचारलं.

"नियम म्हणजे नियम."

मग तिनं दिलं ठोकून. लाटा, शिंपले, आईसोबत बांधलेला वाळूचा किल्ला! दहापैकी नऊ गुण मिळाले.

पालकांसमोर निबंध वाचायचा दिवस आला. तिनं वाचला आणि मागच्या बाकावरून तिची आई भाबडेपणानं म्हणाली, "अगं, आपण कधी गेलो होतो समुद्रावर?"

सगळा वर्ग खो खो हसला. मुलीनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. मी टेबलावरच होतो. ते खोटं तिच्या गळ्यात मीच मारलं होतं.

सगळे बाहेर गेल्यावर बाईंनी तिला थांबवलं. "चूक माझी आहे, बाळ. तुझं खरं घडलेलं काय आहे?"

"माझं काहीच घडत नाही."

"आठवलं की पोटात गोळा येतो, असंही काही नाही?"

तिला रडू फुटलं. "आई पाणी भरायला गेली होती, तेव्हा मी गुपचूप इस्त्री फिरवून पाहिली. वकिलांचा कोट जळला. मी बोललेच नाही. आईला वाटलं, तिचाच हात चुकला. आता ती कुणाचे कोट घेतच नाही."

बाईंनी वही पुढे केली. "हेच लिही. कुणाला वाचून दाखवायचं, ते तू ठरव."

पोरांच्या पोटात असलं काय काय होतं आणि मी त्यांना सहली वाटत बसलो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिनं आईला बाकावर बसवून निबंध वाचला. आईनं आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला.

"म्हणजे माझा हात शाबूत आहे?"

"हो."

"चार महिने झाले गं, बये!" आईनं तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि लगेच तिला पोटाशी धरलं. दोघीही रडत होत्या.

बाईंनी माझ्यातल्या सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. बरं झालं. मित्रांनो, लिहायला बसलात की माझ्यासारख्या डब्याकडे बघू नका. जे सांगताना जीभ अडखळते, तिथून सुरुवात करा. आणि मोठ्यांनो, विषय देण्याआधी पोराला एकदा जवळ बसवून विचारा. बावीस वर्षांत शेकडो हात माझ्यात आले, पण मी कुणाला काही विचारलं नाही.