झऱ्याचं बटण

मी आवाजाचा डबा बोलतोय. खरं तर माझा जन्म बोलण्यासाठी नाही, नुसतं झुळझुळ करण्यासाठी झाला. खोक्यावर छापलंय, ताण पळेल, एकाग्रता वाढेल. माझ्या पोटात जंगल आहे, झरा आहे. मी स्वतः दोन्ही पाहिलेले नाहीत. कारखान्यातून थेट बिबवेवाडीत आलो.

मला मागवलं आम्रपालीनं. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेचा तिचा हा शेवटचा प्रयत्न, आणि पुस्तक उघडलं की छाती धडधडायची. म्हणून घरात कडक शांतता. वडील रतनराव आवाज बंद करून क्रिकेट बघत, शिंक आली की गॅलरीत पळत. आई सुंदराबाई शिट्टी व्हायच्या आत कुकर उतरवत. डाळ कच्ची राही आणि सगळे ती मुकाट्यानं गिळत.

जंगल लावलं, तर रतनराव झाडू घेऊन कपाटामागे रातकिडा शोधू लागले. मग झरा लावला. या घरात रात्री नळ उघडा ठेवून खाली बादली ठेवतात, म्हणजे पहाटे पाणी आल्याचं ऐकू येतं. सुंदराबाई ताडकन उठल्या, पिंप सरकवलं आणि कोरड्या नळाला चार शब्द सुनावले. असं दोन-तीनदा झालं. पुढे झुळझुळ ऐकली की त्या कूस बदलू लागल्या.

परीक्षेच्या आठवड्यात एका पहाटे खरंच पाणी आलं. मी बंद होतो, पण हे सांगणार कोणाला? सुंदराबाईंना वाटलं मीच झुळझुळतोय, त्यांनी कूस बदलली. पाणी आलं, बादली भरून मोरीतून वाहिलं, गेलं. आता दिवसभराला तीन माणसं आणि एक बादली पाणी. सुंदराबाई पदर तोंडात धरून रडायला लागल्या, आवाज होऊ नये म्हणून.

आम्रपाली आधी हसली, मग त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"आई, मोठ्यानं रड गं. तुम्ही दोघं दबकून वावरता ना, त्यानंच मला धडधडतं. घरात कुणी गेल्यासारखं वाटतं, आणि गेलेली मीच."

त्या दिवशी कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या. डाळ शिजली.

आता मी फ्रीजवर पडून असतो. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? मला विकत जरूर घ्या, माझ्या भावंडांनाही घरं हवीत. पण आधी घरातल्यांना मोकळेपणी बोलू द्या.

उद्या पेपर आहे. आत तिची उजळणी चाललीय, बाहेर भांडी आपटतायत, रतनराव पंचाला शिव्या घालतायत. मघाशी सगळे क्षणभर गप्प झाले, तर तिनं दार उघडून विचारलं, "काय झालं? बोला की."